मुलगी आठवडाभर गप्प का राहिली?

पत्र थोडक्यात असं: “मी माध्यमिक शाळेत संगणक शिकवतो. गेल्या महिन्यात वर्गातल्याच काही मुलांनी शाळेच्या पेजवरून नववीतल्या एका मुलीचा फोटो उचलला, एआयच्या अ‍ॅपवर त्याचं अश्लील चित्र बनवलं आणि ते मुलांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरलं. मुलगी आठवडाभर कुणाशी काही बोलली नाही. एका पालकांनी वर्गशिक्षिकेला स्क्रीनशॉट पाठवला, तेव्हा आम्हाला कळलं. ‘सगळ्यांना कल्पना असावी’ म्हणून वर्गशिक्षिकेने तो शिक्षकांच्या ग्रुपवर टाकला. त्याच सुमारास आमच्या दुसऱ्या एका सहकारी शिक्षिकेच्या नावाने इन्स्टाग्रामवर बनावट खातं उघडून विद्यार्थ्यांना घाणेरडे मेसेज गेले. आता मुख्याध्यापकांनी दोन आठवड्यांत नियमावली तयार करायचं काम माझ्यावर टाकलं आहे. संस्थाचालकांना मुलांवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर हवं आहे, पालकांना फोनबंदी हवी आहे आणि शिक्षक म्हणतात, आम्हाला पालकांच्या ग्रुपमधून काढा. मला स्वतःला सॉफ्टवेअर हाच उपाय दिसतो, कारण वेळेत कळलं असतं तर प्रकरण इतकं वाढलं नसतं. कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं आणि नियमावलीत काय असावं?”

नियमावलीकडे येऊच, पण त्याआधी एक काम आजच्या आज करायला हवं. शिक्षकांच्या ग्रुपवर तो स्क्रीनशॉट अजून आहे का, ते बघा.

तुम्हाला हे वेगळं सांगायला नको, पण इतर शाळांमधले वाचकही हे वाचणार आहेत म्हणून सविस्तर लिहिते. ग्रुपवर चित्र आलं की बऱ्याच फोनमध्ये ते आपोआप डाउनलोड होतं आणि गॅलरीत जाऊन बसतं. गॅलरीचा बॅकअप चालू असेल तर वायफाय मिळताच ते क्लाउडवर चढतं आणि त्याच खात्याला जोडलेल्या घरातल्या टॅबवरही दिसू लागतं. म्हणजे त्या मुलीचं चित्र या क्षणी एखाद्या शिक्षकाच्या घरी, त्यांच्याच मुलांच्या हातातल्या टॅबवर असू शकतं. ग्रुपमधून ‘सगळ्यांसाठी डिलीट’ केलं तरी गॅलरीतली आणि बॅकअपमधली प्रत तशीच राहू शकते. ती प्रत्येकाला आपल्या हाताने काढावी लागते, ‘नुकतेच डिलीट केलेले’ या फोल्डरमधूनही.

पोलिसांत तक्रार झाली नसेल तर आधी मुलीच्या पालकांशी बोलून ती करा, आणि पुरावा म्हणून नेमकं काय व कोणाकडे ठेवायचं ते पोलिसांनाच विचारा. ते ठरलं की बाकी सगळ्यांनी आपापल्या प्रती काढून टाकायच्या. अठरा वर्षांखालच्या मुलाचं अश्लील चित्र जवळ बाळगणं किंवा पुढे पाठवणं हा अनेक देशांत स्वतंत्र गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असला तरी. वर्गशिक्षिकेला मी दोष देत नाही. काळजीपोटीच त्यांनी ते केलं, हे तुमच्या पत्रातूनही कळतं. पण काळजीपोटी केलेल्या त्या एका फॉरवर्डने चित्र पाहणाऱ्यांची संख्या वाढली, आणि ही नवी माणसं तिला रोज वर्गात भेटणारे शिक्षक होती. तिला हे कळलं असेल का, याचा अंदाज तुम्हीच बांधा.

पुढच्या वेळी असं काही समोर आलं तर चित्राची प्रत करायची नाही. कुठल्या खात्यावर, कुठल्या ग्रुपवर, किती वाजता दिसलं, लिंक काय, कुणी दाखवलं, हे कागदावर लिहायचं, सही करायची आणि ठरलेल्या माणसाकडे द्यायचं. फोन मुलाचा असेल तर तो उघडून धुंडाळायचा नाही. पालकांना बोलवायचं आणि पुढचा तपास ज्याचं काम आहे त्याच्यावर सोपवायचा.

त्या मुलीसाठी अजूनही एक गोष्ट करता येईल. अमेरिकेतल्या ‘नॅशनल सेंटर फॉर मिसिंग अँड एक्सप्लॉइटेड चिल्ड्रन’ या संस्थेची ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा जगभरातून वापरता येते. अठरा वर्षांखाली असतानाच्या नग्न किंवा लैंगिक चित्रांसाठी ती आहे. चित्र अपलोड करावं लागत नाही. आपल्याच फोनवर त्या फाइलचा एक अंकी ठसा तयार होतो, तेवढाच संस्थेकडे जातो आणि सहभागी प्लॅटफॉर्म तो ठसा जुळवून चित्र अडवतात. प्रौढांसाठी अशीच ‘स्टॉप एनसीआयआय’ नावाची सेवा आहे, 2021 पासून. मर्यादाही सांगते. सहभागी नसलेल्या ठिकाणी याचा उपयोग नाही, खासगी एन्क्रिप्टेड (म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून कुणालाच वाचता न येणाऱ्या) चॅटमधलं चित्र यातून सापडत नाही आणि चित्रात फेरफार झाला तर ठसा जुळेलच असं नाही. तरीही मुलीला आणि तिच्या आईवडिलांना ही वाट माहीत हवी. असं घडलेल्या मुलांना सगळ्यात जास्त खातो तो ‘आता काहीच आपल्या हातात नाही’ हा विचार, आणि इथे निदान एक काम तरी त्यांच्या हातात येतं.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. तुम्ही लिहिता की वेळेत कळलं असतं तर प्रकरण वाढलं नसतं. अगदी खरं. पण वर्गातल्या कितीतरी मुलामुलींना ते पहिल्याच दिवशी कळलं होतं. कळलं नव्हतं फक्त मोठ्यांना. मग प्रश्न असा उरतो की एवढ्या जणांपैकी एकालाही तुमच्यापैकी कुणाला येऊन सांगावंसं का वाटलं नाही? आणि ज्या मुलीवर हे ओढवलं ती आठवडाभर गप्प का राहिली?

तिच्या जागी राहून बघा. सांगितलं तर घरी फोन काढून घेतील. ‘तू फोटो टाकलासच का’ असं विचारतील, फोटो शाळेने टाकलेला असला तरी. शिक्षकांना सांगितलं तर शिक्षकखोलीत चर्चा होईल. मुलांना शिक्षा झाली तर वर्गात ‘हिच्यामुळे’ ऐकावं लागेल. तिने हा हिशेब चुकीचा केला होता का? जे घडलं ते पाहता तिचा अंदाज बराचसा बरोबर निघाला. संस्थाचालक जे सॉफ्टवेअर घ्यायला निघाले आहेत, त्याने या हिशेबातली एकही गोष्ट बदलत नाही.

शिवाय सॉफ्टवेअर पाहणार काय? शाळेच्या संगणकांवरची आणि शाळेच्या खात्यांवरची हालचाल. हा प्रकार घडला मुलांच्या स्वतःच्या फोनवर, मोबाइल डेटावर, शाळा सुटल्यानंतर. तो त्या सॉफ्टवेअरच्या नजरेच्या टप्प्यातच नव्हता. आणि मुलांच्या खासगी फोनवरही ते टाकायचा विचार असेल, तर जरा थांबा. अमेरिकेतल्या पेनसिल्वेनिया राज्यात लोअर मेरियन नावाचा शालेय जिल्हा, म्हणजे तिथल्या सरकारी शाळा चालवणारी स्थानिक संस्था, आहे. तिथे विद्यार्थ्यांना दिलेल्या लॅपटॉपमध्ये चोरीचा माग काढण्यासाठी एक सोय होती. ती चालू केली की वेबकॅम आपोआप फोटो काढत असे. 2010 मध्ये उघडकीला आलं की मुलांचे त्यांच्या घरातले हजारो फोटो असे निघाले होते. खटले झाले आणि त्याच वर्षी जिल्ह्याने 6 लाख 10 हजार डॉलर देऊन ते मिटवले. उद्देश लॅपटॉप सांभाळण्याचा होता. पण पाहण्याची सोय एकदा हातात आली की ती कुणाच्या हाती राहते, कधी चालू होते आणि जमलेलं कुठे साठतं, हे विचारणारं कुणी नसलं की असं होतं.

म्हणून संस्थाचालकांसमोर बसाल तेव्हा ‘कोणतं सॉफ्टवेअर’ हा विषय जरा बाजूला ठेवा आणि हे विचारा: ते नेमकं काय नोंदवणार, ती नोंद कोण बघणार, किती दिवस राहणार, रात्री साडेअकराला इशारा आला तर तो कोण वाचणार, आणि एखादी मुलगी घरात होणाऱ्या मारहाणीबद्दल मदत शोधत असेल तर तिच्या घरीच निरोप जाणार नाही याची खात्री काय? उत्तरं नसतील तर खरेदी नको. शाळेच्या नेटवर्कवर अश्लील आणि फसव्या साइट अडवणारं साधं फिल्टर जरूर लावा. तसं ते लावलं आहे हे मुलांना उघडपणे सांगा. त्याला माझा विरोध नाही. लपूनछपून मेसेज वाचण्याला आहे, कारण आपलं वाचलं जातं हे कळल्यावर मुलं दुसऱ्या अ‍ॅपवर जातात आणि मग जे थोडंफार कानावर येत होतं तेही बंद होतं.

फोनबंदीबद्दल थोडंच लिहिते. शाळेच्या वेळेत फोन बाजूला ठेवल्याने वर्गात लक्ष लागायला मदत होऊ शकते. फ्रान्सने 2018 मध्ये साधारण पंधरा वर्षांपर्यंतच्या विद्यार्थ्यांसाठी तसा कायदाच केला. तुम्हालाही तसं ठरवायचं असेल तर ठरवा. पण या प्रकरणावरचा उपाय म्हणून पालकांना ते विकू नका, कारण शाळा सुटल्यावर फोन परत हातात येतोच.

मग शाळेच्या हातात काय आहे? आधी शाळेने स्वतःच उघडी टाकलेली दारं. तो फोटो शाळेच्या पेजवरून गेला, हा तुमच्या पत्रातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला तपशील आहे, आणि तुम्ही तो ओझरता लिहिला आहे. एक दुपार काढा. ब्राउझरच्या खासगी विंडोत, कुठेही लॉग इन न करता, शाळेचं नाव शोधा. चेहरा, पूर्ण नाव, इयत्ता आणि गणवेश एकाच पोस्टमध्ये दिसताहेत असे फोटो किती आहेत? बक्षीस मिळालेल्या मुलांचे अगदी जवळून काढलेले चेहरे किती आहेत? कार्यक्रमाचे फोटो टाकायचे असतील तर लांबून घेतलेले, गटाचे, नाव न देता टाका. पालकांची लेखी परवानगी घ्या, ती दरवर्षी नव्याने घ्या आणि मुलालाही विचारा. जुने अल्बम काढून टाका. ही मुलं शाळा सोडून जातात, फोटो मात्र तिथेच राहतात.

नंतर शाळेची शेअर केलेली कागदपत्रं बघा. माझा अंदाज आहे की एखादी गुगल शीट तरी ‘लिंक असलेल्या कुणालाही दिसेल’ अशी उघडी सापडेल: हजेरीपट, जन्मतारखा, पालकांचे फोन नंबर, घरचे पत्ते. सहलीच्या वेळी घाईत केलेली असते आणि नंतर कुणाच्या लक्षात राहत नाही. मुलांचा माग काढू पाहणाऱ्या अनोळखी माणसाला याहून सोयीचं काही नसतं.

अभ्यासाची अ‍ॅपं निवडतानाही हीच नजर हवी. महामारीच्या काळात 49 देशांच्या सरकारांनी सुचवलेली ऑनलाइन शिक्षणाची साधनं ‘ह्यूमन राइट्स वॉच’ या संस्थेने तपासली आणि 2022 मध्ये अहवाल काढला. त्यातल्या बहुतेक साधनांमुळे मुलांची खासगी माहिती धोक्यात येत होती. सरकारने सुचवलेल्या गोष्टींचं हे, तर कुणीतरी बैठकीत ‘फुकट आहे, छान आहे’ म्हणून सुचवलेल्या अ‍ॅपबद्दल काय बोलावं! नवं अ‍ॅप वर्गात आणण्याआधी निदान एकाने तरी ते कोणती परवानगी मागतं हे पाहायचं, एवढा नियम पुरे.

पासवर्डबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही, पण विषय निघालाच आहे. अमेरिकेतली ‘पॉवरस्कूल’ ही शाळांची माहिती सांभाळणारी मोठी कंपनी आहे. डिसेंबर 2024 मध्ये तिच्या यंत्रणेत चोर घुसले ते चोरलेला लॉग इन वापरून, आणि लाखो विद्यार्थ्यांची व शिक्षकांची माहिती बाहेर गेली. तुमच्या शाळेत गुण भरण्याच्या खात्याचा पासवर्ड किती जणांना माहीत आहे? नोकरी सोडून गेलेल्यांची खाती बंद केली आहेत का? दर महिन्याला पासवर्ड बदला असा फतवा मात्र काढू नका. सगळे शेवटचा आकडा एकाने वाढवतात आणि चिठ्ठी संगणकाला चिकटवतात. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेनेही 2017 पासून ठरावीक मुदतीने सक्तीचा बदल नको, असंच सांगितलं आहे. लांब पासवर्ड, प्रत्येकाचं स्वतंत्र खातं, आणि ई-मेल व व्हॉट्सअ‍ॅपला दुहेरी पडताळणी, म्हणजे नेहमीच्या लॉग इनखेरीज आणखी एक कोड. एवढं केलंत तरी खूप झालं.

आता शिक्षकांकडे. त्यांची मागणी मला रास्त वाटते आणि ती कुरकुर म्हणून उडवून लावली जाऊ नये. पालकांच्या साध्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये प्रत्येक शिक्षिकेचा नंबर आणि बहुतेकदा डीपीही शेकडो अनोळखी लोकांसमोर येतो. प्रत्येक आईचाही येतो. त्याऐवजी व्हॉट्सअ‍ॅपच्या कम्युनिटीतला घोषणांचा ग्रुप वापरा. त्यात सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत, आणि मेसेज फक्त अ‍ॅडमिन टाकतात. शाळेचा एक स्वतंत्र नंबर ठेवा. संध्याकाळी ठरलेल्या वेळेनंतर उत्तर येणार नाही हे शाळेने पालकांना कळवावं, शिक्षकांवर ते सांगायची वेळ येऊ नये.

आणि विद्यार्थ्याशी वैयक्तिक खात्यावरून एकास एक चॅट नाही, कुठल्याही शिक्षकाने, कितीही आपुलकीने. शाळेच्या खात्यावरून आणि दुसरं कुणीतरी पाहू शकेल अशा ठिकाणीच बोलणं. या नियमाने मुलांचं रक्षण होतं तसं शिक्षकांचंही होतं. ‘मॅडम खासगीत मेसेज करतच नाहीत’ हे मुलांना ठाऊक असेल तर मॅडमच्या नावाने आलेला मेसेज त्यांना लगेच खोटा वाटेल. तुमच्या सहकारी शिक्षिकेला याचाच आधार मिळाला असता.

त्यांच्याबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलं आहे. त्यांनी स्वतः इन्स्टाग्रामवर ‘माझ्या नावाने दुसरं कुणी वावरतंय’ अशी तक्रार केली का? ही तक्रार ज्याच्या नावाने खातं आहे त्याने केली तर तिला वजन असतं. खातं जाण्याआधी त्याची लिंक, युजरनेम आणि मेसेजचे स्क्रीनशॉट जपून ठेवा. इथे मजकूर शब्दांचा आहे, म्हणून चालतं. मुख्याध्यापकांनी पालकांना शाळेच्या नावाने दोन ओळी कळवाव्यात की हे खातं बनावट आहे आणि शाळा शिक्षिकेच्या पाठीशी आहे. शाळेचं नाव खराब होईल म्हणून गप्प बसलं तर सगळं त्या एकट्या बाईंना निस्तरावं लागतं.

चित्र बनवणाऱ्या मुलांविषयीही बोलायला हवं. त्यांनी गंभीर अपराध केला आहे आणि त्याचे परिणाम त्यांना भोगावे लागतील. पण तीही तुमच्याच वर्गातली मुलं आहेत. प्रार्थनेच्या वेळी पुढे उभं करणं, त्यांची नावं ग्रुपवर टाकणं, मुलीला समोर बसवून माफी मागायला लावणं, यातलं काही करू नका. शेवटच्या प्रकाराने तर मुलीलाच पुन्हा छळल्यासारखं होतं. पालकांसमोर स्वतंत्रपणे बोला, मुलीच्या वर्गातून त्यांना हलवायचं की नाही ते ठरवा (हलवायचं असेल तर त्यांना हलवा, तिला नाही) आणि समुपदेशकाची मदत घ्या. बाकीच्या वर्गाशी बोलताना ज्यांनी चित्र पाहिलं पण पुढे पाठवलं नाही, त्यांच्यापासून सुरुवात करा. ती संख्येने जास्त असणार. ‘तेव्हा कुणाला सांगावंसं वाटलं होतं का, आणि काय आड आलं?’ हे त्यांना विचारा. उत्तरं निनावी चिठ्ठ्यांवर घ्या. मुलांच्या डिजिटल हक्कांविषयी संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीने 2021 मध्ये मार्गदर्शक टिप्पणी काढली, तीसुद्धा अनेक देशांतल्या मुलांची मतं घेऊनच. तुमची नियमावली मुलांना न विचारता झाली तर ती सूचनाफलकावर लावण्यापुरतीच राहील.

मुलग्यांबद्दल एक जोड. अनोळखी ‘मुलगी’ ऑनलाइन मैत्री करते, फोटो मागते आणि मग पैसे दे नाहीतर सगळ्यांना पाठवते अशी धमकी येते. या जाळ्यात किशोरवयीन मुलगे मोठ्या संख्येने सापडतात आणि लाजेने अजिबात बोलत नाहीत. त्यांना आधीच सांगून ठेवा: पैसे द्यायचे नाहीत, चॅट पुसायचं नाही, उत्तर देणं थांबवायचं आणि त्याच दिवशी एका मोठ्या माणसाला सांगायचं. ‘तू मूर्खपणा केलास’ हे वाक्य तुमच्या शाळेत कुणी उच्चारणार नाही, हेही सांगा आणि शिक्षकांकडून ते आधी कबूल करून घ्या.

नियमावली एका पानाची करा. त्यात सर्वात वर दोन माणसांची नावं असू द्या, त्यातली एक शिक्षिका. मुलांना आणि कर्मचाऱ्यांनाही काही घडलं तर त्यांच्याकडे जाता येईल, आणि गेल्यावर पुढच्या तासाभरात काय होईल ते साध्या शब्दांत लिहा: तुझं ऐकलं जाईल, तुझा फोन शिक्षा म्हणून काढून घेतला जाणार नाही, आम्ही कुणाला सांगणार आहोत ते तुला आधी सांगू. सगळं गुप्त ठेवू असं वचन मात्र देऊ नका. जिवाला किंवा शरीराला धोका असेल तर पालकांना, पोलिसांना सांगावं लागतं आणि मुलाला ते आधीच माहीत असलेलं बरं. खाली फोटो, ग्रुप आणि पासवर्डचे नियम येऊ द्या. वरच्या दोन माणसांपैकी एक तुम्ही असाल असं दिसतं. तसं असेल तर आठवड्यातला एक तास या कामासाठी मोकळा करून मागा, दुसरी व्यक्ती ठरल्याशिवाय जबाबदारी स्वीकारू नका, आणि मुलीच्या घरी जायचं असेल तर शिक्षिकेला सोबत घेऊन या आठवड्यातच जा. शिक्षकांच्या ग्रुपवर काय झालं, ते तिच्या आईवडिलांना तुमच्याकडूनच कळू द्या.